न दुखणारी गाठ

लग्न होऊन मी कारेगावला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. माहेर पाटसचं, अब्बा तिथल्या साखर कारखान्यात फिटर. घरात सहा माणसं, भिंतीला भिंत लागून चुलत्याचं घर, आणि हंगामात उसाच्या गाड्यांची रांग पार दारापर्यंत. एकटं असणं म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. रांजणगावची एमआयडीसी नुकती भरू लागली होती आणि कारेगावच्या शेतकऱ्यांनी रस्त्यालगतच्या वावरात पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उठवल्या होत्या. आमची खोली रांगेतली शेवटची. शेजारी बिहारची चार पोरं, त्यांच्या पलीकडे लातूरकडचं एक जोडपं, दोघंही कामाला जाणारी. माझा नवरा एका कंपनीत मशीनवर होता. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा तिसरी. माणूस चांगला, पण घरी असायचा तेव्हा बहुतेक झोपलेला असायचा, आणि तो झोपला की मी भांड्याला भांडं लागू द्यायची नाही. सकाळी आठनंतर रांगेत कुणी उरत नसे. ऊन चढलं की पत्रा कडकड वाजायचा, तेवढाच आवाज.

गाठ मला आंघोळ करताना लागली. डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, बोराएवढी. साबणाचा हात फिरवताना बोटांखालून काहीतरी सटकलं. मी थांबले, परत चाचपलं, ते परत सटकलं. पाणी थंड होईपर्यंत मी मोरीत तशीच बसून राहिले.

त्यानंतर आठ दिवसांनी दुखायला लागलं. खरं तर दर महिन्याला पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना जड व्हायचं, ठणकायचं, ब्लाउजचं हुक लावताना जीव नको व्हायचा. लग्नाआधीपासूनचं ते. पण तेव्हा घर भरलेलं होतं, स्वतःच्या अंगाकडे बघायला फुरसत नव्हती. आता फुरसतच फुरसत. त्यामुळे तो ठणका म्हणजे गाठीचाच, गाठ वाढतेय म्हणूनच, असं मी धरून चालले. डाव्या हाताने बादली उचलणं सोडलं. हळदीचा लेप लावला, फडकं गरम करून शेकलं. दिवसातून दहादा हात तिथे जायचा. सारखं दाबून दाबून तिथली कातडी लाल झाली, आणि ती लाली बघून मी अजून घाबरले.

सांगायचं कुणाला? हायवेच्या कडेला एक एसटीडी बूथ होता. पाटसला आमच्या घरी फोन नव्हता. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानाचा पीपी नंबर होता. मी लावला. दुकानदाराने अम्मीला हाक मारायला कुणाला तरी पाठवलं, मी ठेवून परत दहा मिनिटांनी लावला. अम्मी धावत आली असावी, तिला धाप लागली होती. तिच्या मागे दुकानातल्या गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता. माझ्या मागे बूथवाला आणि नंबर लावून थांबलेले दोन कामगार. अम्मीने विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, ठीक. जेवतेस ना? हो. मग तिने पाटसची दोनचार माणसं सांगितली, कोण आजारी, कोणाची मुलगी नांदायला गेली, आणि फोन संपला. बाहेर येऊन मी रस्ता ओलांडायला बराच वेळ उभी राहिले. ट्रक येतच होते.

मग गावातल्या डॉक्टरकडे गेले. पुरुष डॉक्टर, दवाखाना कामगारांनी भरलेला, पडदा नाही. मी म्हटलं, छातीत दुखतंय. दुसरा शब्द माझ्याकडे नव्हता. शाळेच्या पुस्तकात एक होता, तो तोंडाने कधी उच्चारलेला नव्हता. घरात तर त्या जागेला नावच नव्हतं. डॉक्टरने पाठीवर नळी लावली, श्वास घ्यायला सांगितला, तिखट खाता का विचारलं आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्याची काही चूक नव्हती. मी त्या सगळ्या गोळ्या खाल्ल्या.

आमच्या घरमालकीणबाईंना सगळे भाडेकरू काकू म्हणत. पन्नाशीच्या, उंच, नऊवारीतल्या. मुख्य रस्त्याला त्यांचं मोठं घर, आप्पा म्हणजे त्यांचे यजमान सोसायटीच्या राजकारणात, दारात जीप, सतत माणसांची ये-जा. काकू सकाळी पाण्याची मोटर चालू करायला आमच्या रांगेकडे यायच्या, आणि कुणी नळ ठिबकत ठेवला असेल तर त्या खोलीसमोर उभं राहून बोलायच्या. त्यांना सगळे टरकून असत. मीही.

एक दिवस मी धुण्याच्या दगडावर होते. त्या मोटर लावून थांबल्या होत्या.

“डावा हात का जपतीस?” त्यांनी विचारलं.

मी काही नाही म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझे डोळे भरून आले. दोन महिन्यांत कुणी माझ्याकडे नीट बघून मला काही विचारलं नव्हतं. मी धुणं टाकून सगळं सांगितलं. सांगताना त्यांच्याकडे बघत नव्हते, चादरीकडे बघत होते.

काकू दगडाच्या कडेला टेकल्या. “दुखती का गाठ?”

“दुखते.”

“मग बरं न्हाई ते पोरी. न दुखणारी गाठ चरबीची आसती, तिला भ्यायचं न्हाई. दुखती ती वंगाळ.” मग म्हणाल्या, “शिरूरला बाई डॉक्टर हाय. उद्या जाऊ. मी येते संगं.”

नवऱ्याला मी त्या संध्याकाळी सांगितलं, डबा भरता भरता. त्या आठवड्यात त्याची तिसरी पाळी होती. तो म्हणाला, मला का नाही सांगितलंस. मी डब्याचं झाकण लावलं. तू कधी जागा असतोस, असं म्हणणं बरं दिसलं नसतं.

शिरूरला आम्ही सहासीटरने गेलो. काकूंनी चांगलं लुगडं नेसलं होतं आणि वाटेत त्या उसाविषयी, सुनेच्या पहिल्या खेपेविषयी बोलत होत्या, मला दुसरं काही सुचू नये म्हणून. दवाखाना स्टँडच्या मागे होता. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी दार लावलं, पडदा ओढला, मला झोपवलं, हात डोक्याखाली घ्यायला सांगितला आणि बोटांच्या पोटांनी गोल गोल फिरवत दोन्ही बाजू, मग काखा तपासल्या. पाळी कधी आली होती, दुखणं कधी सुरू होतं, कधी थांबतं, घरात आई-मावशीला कुणाला असं काही होतं का, सगळं विचारलं. पाळी सुरू झाली की दुखणं जातं का? मी विचार केला. जात होतं. दर वेळी जात होतं. गाठ मात्र राहत होती.

“म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत,” त्या म्हणाल्या.

दुखणं पाळीचं होतं. दोन्हीकडे होतं, आधी येतं, नंतर जातं, पुष्कळ बायकांना होतं. नीट मापाचे कपडे घाल, कॅलेंडरवर खूण करत जा, आणि दिवसात दहादा दाबू नकोस, दाबल्यानेच जास्त दुखतंय. गाठ बोटाखाली सरकत होती, गुळगुळीत होती. माझ्या वयात अशा गाठी येतात आणि बहुतेक साध्या असतात. पण साधी आहे हे नुसत्या हाताने ठरवायचं नाही, म्हणून सोनोग्राफी आणि सुईची तपासणी करायची. मी विचारलं, दुखत नसती तर काळजी नव्हती ना? त्यांनी मान हलवली. दुखण्यावर जाऊ नकोस, म्हणाल्या. वाईट गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, म्हणून तर बायका घरी बसतात. पाळी होऊन गेली तरी न जाणारी नवी गाठ, दुखो न दुखो, दाखवायची. कातडी आत ओढल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंड आत वळलं, त्यातून रक्तासारखं पाणी आलं, काखेत गाठ लागली, तर त्याच आठवड्यात यायचं.

काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. मी ब्लाउजची हुकं लावत होते. त्यांचा आवाज आला तेव्हा मला आधी वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

“आन् कुणाची न दुखणारी आसली, वरीसभर आसली, तर?”

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. “कुणाची?”

काकू उठल्या. मी बाहेर जायला निघाले तर म्हणाल्या, “ही राहू द्या.”

उजव्या बाजूला होती. नुसतं बघून मला काही दिसलं नाही. गाठ जिरावी म्हणून लावलेल्या बिब्ब्याचे काळपट चट्टे तेवढे होते. मग डॉक्टरीणबाईंनी त्यांना दोन्ही हात वर करायला सांगितले, आणि गाठीवरची कातडी आतून कुणी दोरा ओढावा तशी खळी पडून आत गेली. काकू म्हणाल्या, गायीने शिंग मारलं होतं, त्याची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माराने अशी होत नाही. मार लागला म्हणून तुमचा हात तिथे गेला, इतकंच. त्यांनी काखेत बराच वेळ तपासलं. मग हात धुतले, पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहिली आणि सांगितलं की आठवडा घालवू नका. उपचार आहेत, ऑपरेशन करतात, बायका बऱ्या होतात, पण आज जितकं सोपं आहे तितकं दोन महिन्यांनी नसेल.

काकूंनी चिठ्ठीच्या चार घड्या केल्या. कारेगावच्या फाट्यावर उतरलो तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “घरी मी सांगंन. तू तोंड उघडायचं न्हाई.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवून कबूल केलं.

माझी तपासणी झाली. सुईची भीती वाटली होती, पण ती इंजेक्शनपेक्षा जास्त नव्हती. पुण्याहून रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. साधी गाठ. काढायची गरज नाही, सहा महिन्यांनी दाखवायची, वाढली तर लगेच. नवऱ्याने शिरूरहून जिलेबी आणली. मी खाल्ली आणि मला ती गोड लागली नाही, कारण तोवर काकू पुण्याला गेल्या नव्हत्या.

सकाळी त्या मोटर लावायला यायच्या तेव्हा मी बाहेर येऊन उभी राहायची. त्यांना कळायचं मी का उभी आहे. पहिल्यांदा म्हणाल्या, ऊस तुटून जाऊ दे, टोळी आलीय, घरात पाच माणसांचा स्वयंपाक जास्त आहे. मग ऊस गेला. मग सुनेचं बाळंतपण आलं. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. बाळ झालं, बारसं झालं. पाचवा आठवडा, सहावा. मी विचारलं की त्या मोटरच्या आवाजाआड जायच्या. मला बोलायचं होतं, पण बोलायला माणूस एकच, आणि तो मला टाळत होता. आपली भीती एकटीने सोसणं मला जमत आलं होतं. दुसऱ्याची कशी सोसायची ते समजत नव्हतं.

एका सकाळी त्या वाकून व्हॉल्व्ह फिरवत होत्या, पदर सरकला, आणि मला चोळीवर उजवीकडे तांबूस ओला डाग दिसला. त्यांनी पदर ओढून घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

तो गुरुवार होता, कंपनीची सुट्टी. मी नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, आपण भाडेकरू, ते मालक. आपण मुसलमान, नवी माणसं. त्यांच्या घरच्या बाईच्या अंगाची गोष्ट तू त्यांना जाऊन सांगणार? खोली गेली तर? तो चुकीचं बोलत नव्हता. वर मी शब्द दिला होता, तेही होतंच. मी चहा केला, तो प्याला, परत झोपला. मी डोक्यावरून पदर घेऊन मोठ्या घराकडे गेले.

आप्पांच्या ओट्यावर माणसं बसली होती, सोसायटीच्या निवडणुकीचं चाललं होतं. मी गोठ्याजवळ उभी राहिले. बरीच उभी राहिले. कुणी तरी विचारलं, काय पाहिजे, मी म्हटलं, पाण्याचं सांगायचंय. शेवटी माणसं जीपमध्ये बसून गेली आणि आप्पा एकटे राहिले. आतून बाळाच्या रडण्याचा आणि काकूंच्या अंगाईचा आवाज येत होता, त्यामुळे मला हळू बोलावं लागलं.

“आप्पा, काकूंना पुण्याला घेऊन जा. शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी दीड महिन्यापूर्वी चिठ्ठी दिलीय. त्यांना गाठ आहे. आता रक्त येतंय.”

कुठे, ते मी बोलू शकले नाही. स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवलं.

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांचं डोकं पूर्ण पांढरं होतं; टोपीशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. “आजून कुणाला म्हाईत हाय?” त्यांनी विचारलं.

“माझ्या नवऱ्याला. आणखी कुणाला नाही.”

“घरी जा, पोरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप पुण्याला गेली. मोटर लावायला मोठा मुलगा आला.

पुण्यात त्यांचं ऑपरेशन झालं. उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, पुढे सलाइनमधून औषधं आणि मग लाइट, म्हणजे किरणांचा उपचार. हे मला तुकड्या-तुकड्याने कळलं, कारण गावात सांगितलं होतं की गर्भपिशवीचं ऑपरेशन आहे. नळावर बायका मला विचारायच्या, तुला काही ठाऊक आहे का, तू जात होतीस त्यांच्याबरोबर. मी म्हणायची, पिशवीचंच. त्या खोटेपणाचं मला काही वाटलं नाही. पण त्या घरात काय चाललंय हे ठाऊक असलेली बाहेरची बाई मी एकटीच होते, आणि मलाच त्या घरात जाता येत नव्हतं.

दोनदा गेले. पहिल्यांदा सून म्हणाली, झोपल्यात. दुसऱ्यांदा मी शिरखुर्म्याचा डबा घेऊन गेले, ईद होती. काकू कॉटवर बसल्या होत्या. केस गेले होते, डोकं पदराने घट्ट बांधलेलं. चेहरा इतका लहान झाला होता की क्षणभर मी ओळखलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“तुला सांगितलं व्हतं,” त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

सुनेने डबा घेतला. दोन दिवसांनी तो घासून परत आला, रीतीप्रमाणे आत मूठभर साखर घालून. कुणी घातली ते मला कळलं नाही.

आम्हाला खोली सोडायला कुणी सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात काकू हिंडू-फिरू लागल्या, ओट्यावर बसू लागल्या, सुनेला ओरडण्याचा आवाज परत आमच्या रांगेपर्यंत यायला लागला. पण त्या रांगेकडे पुन्हा आल्या नाहीत. मी समोरून गेले की निवडत असलेल्या धान्यात बघायच्या. दीड वर्ष असंच गेलं. मग नवऱ्याला कुरकुंभच्या एमआयडीसीत काम मिळालं आणि आम्ही दौंडला बिऱ्हाड हलवलं. टेंपो भरला त्या दिवशी आप्पा येऊन उभे राहिले, नीट जा म्हणाले. काकू आल्या नाहीत.

दौंडहून शिरूर म्हणजे चौफुल्याला गाडी बदलून न्हावऱ्यावरून जायचं, पार अर्धा दिवस. दौंडला डॉक्टर होते, तरी मी गाठ दाखवायला शिरूरलाच जात राहिले. नवरा विचारायचा, एवढ्या लांब कशाला. मी म्हणायची, त्यांना माझं सगळं ठाऊक आहे.

तिसऱ्या वर्षी गेले तेव्हा दवाखान्याच्या बाकावर काकू बसलेल्या होत्या. केस आले होते, आखूड आणि कुरळे. उजवा हात सुजल्यासारखा, मांडीवर उशी घेऊन तिच्यावर ठेवलेला. मी दारातच थांबले. त्यांनी मला बघितलं, थोडा वेळ तसंच बघत राहिल्या, आणि बाकावर सरकल्या. मी बसले.

“तुझी काय म्हनती?” त्यांनी विचारलं.

“आहे तेवढीच आहे.”

“मूल?”

“मुलगी. सात महिन्यांची. शेजारणीकडे ठेवून आले.”

“पाजताना ठणकलं, ताप आला, तर लगीच ये. दूध साकळतं. पाजणं बंद करू नको.” हे त्या समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या सुनेला सांगितलेलं असणार.

बाकावर आणखी बायका होत्या. मग त्या हळूच म्हणाल्या, “लई राग आला व्हता तुझा.”

मी विचारलं, “आता?”

“आता बी हाय.” त्यांनी उशी नीट केली. “आप्पा त्या दिसापास्नं माझ्याकडं कीव करून बगत्यात, ते मला नगं व्हतं. पन बस तू.”

त्यांना आधी बोलावणं आलं. माझी तपासणी होऊन मी बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता आणि दाराबाहेरची जीप गेलेली होती.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. काही वर्षांनी दौंडच्या बाजारात कारेगावच्या त्या रांगेतला लातूरकडचा शेजारी भेटला. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर मी काकूंचं विचारलं. तो म्हणाला, आहेत की. मागच्याच महिन्यात नातवाच्या वाढदिवसाला आचाऱ्याला भर मांडवात उभं करून झाडत होत्या, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. मी त्याला घरी नेलं, चहा दिला, आणि आचाऱ्याचं पुन्हा एकदा सगळं सांगायला लावलं.